लाइट गेली होती ती दुपार

गल्लीत शिवणवालीच्या शब्दाला वजन होतं. ‘कापड आटेल’ असं तिनं म्हटलं की ते आटायचंच. म्हणूनच धाकटा दीर विमा एजंट झाला, तेव्हा बॅग घेऊन तो तिच्याच दुकानात बसू लागला. “घरचाच माणूस आहे, डोळे झाकून सही करा,” मापं घेता घेता ती गिऱ्हाइकांना सांगायची.

शेजारच्या इस्त्रीवाल्यानंही तशीच सही केली. फॉर्म भरताना तो म्हणाला होता, “मला शुगरची गोळी चालू आहे, तेवढं लिहा.”

दीर हसला. “अहो, असलं बारीकसारीक लिहीत बसलो तर हप्ता वाढेल. मी आहे ना!” आणि आजाराच्या रकान्यात त्यानं ‘नाही’ लिहिलं.

शिवणवालीनं ऐकलं. सुईत दोरा ओवला. मान वर केली नाही.

दोन वर्षांनी इस्त्रीवाल्याच्या पायाची जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली. कंपनीचं पत्र आलं : आजार लपवलात, खर्च मिळणार नाही. दिरानं कानांवर हात ठेवले. “मला कुठं काय सांगितलं होतं त्यानं?”

कुबडी टेकत इस्त्रीवाला दुकानात आला. तक्रार करायची होती, साक्षीदार हवा होता. “ताई, मी सांगितलं होतं ना? तुम्ही इथंच होतात.”

दिराचं लायसन्स जाईल. सासूबाई जन्मभर ऐकवतील.

“मशीन चालू होती हो, भाऊ. काही ऐकूच आलं नाही.”

तो मशीनच्या मोटरकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “असेल. पण त्या दुपारी लाइट गेली होती, ताई. इस्त्री बंद पडली, म्हणून तर इथं येऊन बसलो होतो.”

आणि गेला. चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

त्यानंतर तिच्या हातून एक शिवण सरळ पडेना. एकच बाही तिनं तीनदा उसवली. आजार खोदून खोदून विचारणारा एजंट आला असता, तर आपणच त्याला किरकिऱ्या म्हणून हसलो असतो. आपल्याला गोड बोलणारा हवा होता. घरचा हवा होता. दीर फसवतोय हे कळलं नव्हतं, असंही तिला स्वतःला सांगता येईना. कळलं होतं. सुईच्या नेढ्यात नजर रोवून बसली होती ती.

संध्याकाळी तिनं पावतीपुस्तकातलं कोरं पान फाडलं. गोळीची गोष्ट लिहिली, दिराचं उत्तर लिहिलं, लाइट गेल्याचं लिहिलं. खाली सही केली आणि शेजारी जाऊन कागद पुढं केला.

इस्त्रीवाल्यानं तो न बघताच घडी घालायला घेतला. “तुम्ही लिहिलंय ना, ताई, मग वाचायचं काय?”

“नको, भाऊ,” ती म्हणाली. “आधी वाचा.”

त्यानं चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून तो वाचत होता, आणि गरम कपड्यांच्या ढिगापाशी ती खाली मान घालून उभी होती.