ताप तुमचा, लेकरू आमचं

नेकनूरकडच्या आमच्या उपकेंद्रात बुधवारी लसीकरण असतं. लसीचा डबा परत गेला की मी आणि आमची आशा सेविका सुमन, दोघी पायरीवर बसून चहा पितो. मी इथली नर्स. सुमन मग आठवडाभरात कुणाच्या दारात काय ऐकून घेतलं ते सांगायला लागते. किस्से असेच साठत जातात, कुणी मागत नाही तरी. पूर्वी हसून हसून चहा सांडायचा. आता सांडत नाही, कारण फिरून फिरून किस्सा केसरबाईच्या दारातच जातो. तरी सांगते.

*

केसरबाई वरच्या वस्तीवर राहते. मुलगा विष्णू आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्यांना पहिली मुलगी झाली, परी. दीड महिन्याची झाली तेव्हा सून तिला पहिल्या डोसला घेऊन आली. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, "रात्री ताप येईल, हे औषध द्या, घाबरू नका." सुनेनं मान हलवली आणि घरी जाऊन सासूला काहीच सांगितलं नाही!

दुसऱ्या दिवशी दार उघडते तर पायरीवर केसरबाई. मी शेजारी टेकते न टेकते, तोच तिनं परीला सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"ताप तुमी दिला, आता तुमीच उतरवा. उतरल्याबिगर मी हालत न्हाई!"

खरंच हलली नाही. माझ्याच डब्यातली भाकरी खाल्ली, वर ठेच्याला नावं ठेवली. दुपारी ताप उतरला, परी हातपाय झाडून खेळायला लागली. मला वाटलं, आता बाई खूश होईल. तर जाताना म्हणते, "आमच्या लेकराला तुमची सुई मानवत न्हाई. पुन्यांदा आमच्याकडं येऊ नका."

*

आम्ही गेलोच. परी नऊ महिन्यांची झाली, गोवराच्या डोसची वेळ आली होती. त्याच दिवशी पारावर जनावरांच्या डॉक्टरांचा कॅम्प होता आणि विष्णू सकाळपासून शेळ्या धरून रांगेत उभा! एक शेळी पळाली तर तिच्यामागे नाल्यापर्यंत धावत गेला, ओढत आणली आणि टोचून घेतली.

सुमननं त्याला गाठलं. "दादा, शेळीला सुई चालती, मग लेकीला कावून न्हाई?"

विष्णूनं डोकं खाजवलं. "शेळीला ताप आला तर माय माझ्याशी भांडत न्हाई, ताई!"

रांगेतले सगळे हसले, मीही हसले. पण मला त्याचा रागही आला. त्याची लसीला ना नव्हती, त्याला फक्त घरात भांडण नको होतं. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "आत्याबाई म्हणतील तसं." अशा घरात आईबाप दोघंही हो म्हणतात आणि लेकरू तसंच राहतं.

*

मग लसीकरणाची मोहीम आली. उद्घाटनाला गावचे पुढारी तात्या आले. कडक पांढरे कपडे, दोन्ही हातांत अंगठ्या. भाषण जोरात झालं, "एकबी लेकरू राहता कामा न्हाई!" फोटोग्राफर म्हणाला, तात्या, एक लहान मूल कडेवर घ्या. तात्यांचा स्वतःचा नातू घरी होता, पण त्याला म्हणे गर्दी सोसत नाही. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मंडप बघायला आलेल्या केसरबाईच्या कडेवरून परीला उचललं. दीड वर्षाची झाली होती तेव्हा, आणि दिसायला लई गोड!

मी हळूच जवळ गेले. "तात्या, हिचाच गोवराचा डोस राहिलाय."

"फोटोत कुठं दिसतंय ते?" तात्या म्हणाले, आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले.

आठ दिवसांत स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला. तात्यांच्या कडेवर परी, खाली ठळक अक्षरांत 'माझं बाळ, माझी लस'. केसरबाई बाजारला गेली की त्या फ्लेक्सखाली थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "ही आमची परी!"

*

दिवाळी झाली. मुकादमाचा ट्रक आला आणि विष्णू-सून गेले. सून पुन्हा गरोदर होती, तशीच गेली. परी आजीजवळ राहिली.

थंडीत एकदा जेवणाच्या वेळेला आम्ही वस्तीवरून चाललो होतो. सुमन एकदम थांबली. "सिस्टर, केसरबाईच्या घरातून फोडणीचा वास येईना."

आमच्याकडं गोवर आला की 'बाया आल्या' म्हणतात. बायांना सोसत नाही म्हणून घरात फोडणी देत नाहीत, दाराला कडुलिंबाचा पाला लावतात आणि बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत. पाहिलं तर पाला होताच.

"भायेरच थांबा," केसरबाई दारातून म्हणाली. "बाया आल्यात. बसतील अन् जातील."

"आजी, आता सुई नाही टोचत. फक्त तिचा श्वास बघते."

"तुमी आल्या की ताप येतो."

आतून परी खोकली. तो खोकला ऐकूनच मला कळलं, गोवर छातीत उतरलाय. सुमननं पिशवी रस्त्यात ठेवली, रिकामे हात दाखवले, पाया पडली. काही उपयोग झाला नाही. मी डॉक्टरांना घेऊन आले, तेही दारातूनच परत गेले. विष्णूला फोन लावला. "सांगतो मायला," म्हणाला. सांगितलंही असेल.

दोन दिवसांनी केसरबाईनंच सुमनला हाक मारली. परीला दम लागला होता. अँब्युलन्समध्ये ती आजीच्या मांडीवर होती आणि केसरबाईचा हात तिच्या कपाळावर. बीड यायच्या आधीच मी परीची नाडी बघत होते आणि ती मला सापडत नव्हती.

तेवढ्यात केसरबाई म्हणाली, "सिस्टर, ताप उतरला बघा."

*

फ्लेक्स तसाच होता. रोज त्याच्याखालून जायचं मला जड जायचं. तात्यांच्या माणसांना सांगितलं, काढा म्हणून. "बघू, नवीन आल्यावर," म्हणाले.

विष्णू गावाकडं आला, त्यानं कुणाला विचारलं नाही. खांबावर चढून फ्लेक्स उतरवला. त्यांच्याकडं परीचा दुसरा मोठा फोटोच नव्हता. पुढं एकदा सुमन त्यांच्या घरी गेली तर भिंतीवर परी. तात्या कात्रीनं कापून टाकलेले. नुसते दोन हात राहिले होते, अंगठ्या घातलेले, कारण ते कापले असते तर परी कापली गेली असती.

*

उन्हाळ्यात सुनेला मुलगा झाला. घरी कसं जायचं, काय बोलायचं, यावर सुमनचा आणि माझा आठवडाभर काथ्याकूट चालला होता. जावं लागलंच नाही. तो दीड महिन्याचा झाला त्या बुधवारी मी दार उघडलं तर पायरीवर केसरबाई, नातू पदराखाली. सगळ्यांत पहिला नंबर.

मी टोचलं. तो रडला. मी सांगायला लागले, "आजी, रात्री ताप..."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि औषध घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पायरीवर! धावत जाऊन शेजारी बसले, पदर बाजूला केला. बाळ ढाराढूर झोपलेलं. कपाळाला हात लावला, पोटाला लावला. सगळं ठीक.

"अहो आजी, छान आहे की हा! कशाला आलात एवढ्या सकाळी?"

केसरबाई उठली नाही. तिनं बाळाला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"ह्याला ताप आला न्हाई, सिस्टर. रातभर हात ठिवून बसले, आलाच न्हाई. सुई लागली का न्हाई नीट? अजून एक टोचा."