झडतीच्या दिवशी बादली कुठे असते

चार म्हाताऱ्या एकत्र बसल्या की दुखणी निघतात, चार म्हातारे शिपाई बसले की किस्से. मी दोन्हीकडे बसले आहे, त्यामुळे माझ्याकडे साठा जास्त. शाळेची पायरी चढले नाही, म्हणून कुठे लिहून ठेवलं नाही, डोक्यातच साचत गेलं. आता मी सांगते आणि सून टाइप करते. मध्येच तिचे डोळे भरतात, मग आम्ही चहा घेतो.

तर अमेरिकेत एक होतं सरकारी होम, म्हाताऱ्या सैनिकांचं. तिथे राहायचा सार्जंट वॉल्टर, एका पायाचा. शेजारच्या खाटेवर अर्ल, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. आणि रोज सकाळी त्यांचे सांधे हलवायला जायची माझी सून वैशाली, नागपूरची फिजिओथेरपिस्ट. या होमला राजा नव्हता. राज्याचे आमदार दर वसंतात बजेट करायचे, त्यावर त्याचं नशीब ठरायचं.

आमचंही. मुलगा सुधीर बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये होता. दोन हजार एकमध्ये कंपनी बसली आणि हाही घरी बसला. मग वैशालीच्या नोकरीमागे ती दोघं या दुसऱ्या राज्यात आली. ग्रीन कार्डही तिच्या याच नोकरीवर लावलेलं. होमची वेस्ट विंग, म्हणजे वैशाली काम करायची ती पश्चिमेकडची बाजू, बंद झाली की नोकरी जाणार, कार्ड जाणार आणि ती दोघं बॅगा भरणार. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सोपं आहे.

*

मी दर वसंतात व्हिजिटर व्हिसावर यायचे. दिवसभर घरात भिंतींशी काय बोलणार, म्हणून वैशाली मला होमवर न्यायची. मी टॉवेलच्या घड्या घालायचे. सगळे मला आजी म्हणायचे. वॉल्टर माझ्याहून मोठा, तोही.

वेस्ट विंगचं छत गळायचं, नेमकं वॉल्टरच्या खाटेच्या पायथ्याशी. तिथे कायम एक बादली. पाऊस नसला तरी वरून काहीतरी ठिबकायचंच.

पहिल्या वर्षी आमदारांची बजेट कमिटी होम बघायला येणार असं कळलं. मला वाटलं, बरं झालं, येऊन बघतील तरी. सकाळी जाते तर काय, वॉल्टर ओरडतोय, "इन्स्पेक्शन!" म्हणजे आपली पलटणीतली झडती. चादरी ताणलेल्या, बुटांत तोंड दिसतंय, छातीवर मेडल्स. आणि बादली गायब.

कमिटीचा चेअरमन, उंच, लाल टायवाला, फिरून म्हणाला, "हे तर माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे." जाताना सगळ्यांशी हात मिळवले.

त्या वर्षीच्या बजेटात होमची रात्रपाळीची नर्स कापली. एवढं छान चाललंय म्हटल्यावर नर्स कशाला?

*

वैशाली चिडली. "वॉल्टर, बादली का लपवलीस? तेच तर दाखवायचं होतं त्यांना."

"मॅम," तो म्हणाला, "झडतीला आपली व्यवस्था दाखवतात. अडचणी दाखवणाऱ्याला आमच्याकडे भांडी घासायला पाठवायचे."

वैशाली मला म्हणाली, "आई, आता तुम्हीच सांगा ह्याला."

मी काय सांगणार? आमच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. वडील सुट्टीवर यायचे त्या दिवशी आई फुटका रांजण शेजारी ठेवून यायची.

*

दुसऱ्या वर्षी होमने ठरवलं, ते येऊन काही बघत नाहीत, तर आपणच जाऊ. व्हॅन भरून आम्ही राजधानीला, आमदारांच्या इमारतीत. त्या दिवशी एकाच टेबलावर तीन विषय होते: राज्याची नॅशनल गार्ड, म्हणजे राखीव फौज, म्हाताऱ्या सैनिकांची होम्स आणि खुद्द आमदारांच्या सभागृहाचा खर्च. पहिल्यांदा सभागृह. पटकन मंजूर. मग गार्ड. आमची पाळी आली तेव्हा लोक जेवायला उठत होते.

वॉल्टरला बोलायला जेमतेम वेळ मिळाला. तो म्हणाला, "सर, आमच्यात अधिकारी शेवटी जेवतो."

चेअरमन हसला. त्याला तो जोक वाटला.

बाहेर येताना अर्ल मध्येच थांबला. काठी आपटून आपटून बघत होता. मी विचारलं, "व्हॉट हॅपन, अर्ल?"

"आजी, कार्पेट नवं आहे. इथे माझी काठी ऐकू येत नाही."

*

इराकची लढाई सुरू झाली. होमच्या टीव्हीवर दिवसभर तेच. राज्यातल्या गार्डची कोवळी पोरं निघाली, त्यांच्यासाठी बँड, झेंडे, भाषणं. पैसा तिकडे वळला. वैशाली म्हणाली, "पण हीच पोरं उद्या इथे येणार ना?"

वॉल्टर टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "बूट आधी मागवतात, मॅम. खाटा नंतर आठवतात."

*

मग विंग हळूहळू रिकामी करायला लागले. तसं कुणी बोललं नाही. एखादा गेला की त्याच्या जागी नवा माणूस येत नसे, आणि दोन दिवसांनी खाटही उचलून नेत.

अर्ल खाटांच्या दांड्यांना हात लावत लावत बाथरूमला जायचा. एका सकाळी तो विंगच्या मधोमध उभा, हात पुढे केलेले, आणि हाताला काहीच लागत नाही. मी जाऊन त्याचा हात धरला.

"आजी," तो म्हणाला, "शत्रूसुद्धा माणसं न्यायचा तेव्हा आवाज करायचा."



*

आमच्या घरातही फार वेगळं नव्हतं. विकेंडला जवळच्या डब्लिन गावाहून, आयर्लंडचं नव्हे, सुधीरचे मित्र यायचे. तो इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि म्हणायचा, "कन्सल्टिंग चालू आहे यार, बिझी." वैशाली श्रीखंड करायची. ते गेले की शर्ट पुन्हा हँगरला आणि हा सोफ्यावर.

एकदा मी म्हणाले, "सुधीर, तू आणि वॉल्टर एकाच पलटणीतले."

"म्हणजे काय आई?"

"बादली कुठे ठेवलीस?"

तो उठून आत गेला. पुढच्या वेळी मित्र आले तेव्हा मात्र जुन्या टी-शर्टवरच बसला आणि खरं काय ते बोलला. डब्लिनच्याच एकाने त्याचं नाव आपल्या ऑफिसात सुचवलं. पण आधीची नोकरी गेली तसं त्याचं कामाचं परमिटही गेलं होतं. कार्ड आल्याशिवाय काही होणार नव्हतं, आणि कार्ड वेस्ट विंगवर टांगलेलं.

*

शेवटची इन्स्पेक्शन. कमिटी बघून जाणार आणि विंग बंद, असं सगळे धरूनच चालले होते. बाहेर पाऊस झोडपत होता. वॉल्टरने नेहमीसारखं सगळं लखलखीत केलेलं, बादली नाही. उरलेले सगळे आपापल्या खाटेच्या पायथ्याशी सावधानमध्ये. वॉल्टर वॉकर बाजूला सारून, नकली पायावर ताठ.

चेअरमनने भाषण सुरू केलं. देश तुमचा ऋणी आहे, वगैरे. आणि वरून पहिला थेंब वॉल्टरच्या टकलावर पडला. मग दुसरा. मग धारच लागली. कपाळावरून, नाकावरून, मेडल्सवरून. वॉल्टरची पापणी हलली नाही. मी टॉवेल घेऊन निघाले, वैशालीने माझा हात धरला.

चेअरमन बोलता बोलता अडखळला. "सार्जंट, तुम्ही बाजूला का होत नाही?"

"सर, इन्स्पेक्शन चालू आहे."

 पाणी पडतच होतं. मग अर्ल, समोर तोंड ठेवूनच, म्हणाला, "सर, बादली बाथरूममध्ये आहे."

चेअरमन स्वतः गेला. दार उघडलं आणि तिथेच उभा राहिला. आत एकच बादली नव्हती. साऱ्या विंगच्या बादल्या होत्या, घासून पुसून, उंचीप्रमाणे ओळीत लावलेल्या.

तो परत आला, हातात एक बादली. वॉल्टरसमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "अ‍ॅट ईज." आपलं विश्राम.

तेव्हा कुठे वॉल्टर बसला.

*

त्या बजेटात वेस्ट विंग राहिली. छत नवं झालं, खाटा परत आल्या. वैशालीची नोकरी टिकली, आणि पुढच्या हिवाळ्यात दोघांची कार्डं आली. सुधीर कामाला लागला. त्याच हिवाळ्यात वॉल्टर गेला.

वसंतात कमिटी पुन्हा आली. चेअरमन दारातूनच म्हणाला, "अ‍ॅट ईज." सगळे बसले. वॉल्टरच्या खाटेच्या पायथ्याशी, त्याच्या जागेवर, अर्लने बादली ठेवली होती. घासून घासून आरसा केलेली.

चेअरमन ओळीतून चालत आला. प्रत्येकापुढे थांबला तसा बादलीपुढेही थांबला. टाय सरळ केला. मग वाकून आत पाहिलं.

कोरडी ठणठणीत होती.