चमचाभर पऱ्हाटी

प्रयोगशाळेत निकाल सावकाश जमतात, किस्से मात्र भराभर. यवतमाळच्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होते ती बोंडअळीची वर्षं. वावरावावरात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काटक्या, पेटवल्या जात होत्या, आणि आम्ही त्याच पऱ्हाटीचा कोळसा करून त्यात वीज साठवायला निघालो होतो!

पहिलं पोतं मी दारव्ह्याहून काळीपिवळीत घालून आणलं. आत काय आहे, असं ड्रायव्हरने विचारलं. पऱ्हाटी म्हटल्यावर गाडीभर लोक माझ्याकडे बघायला लागले. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "काहून वं बाई, यवतमाळात गॅस बंद झाला काय?"

भट्टी करून दिली वेल्डिंगवाल्या युसूफभाईंनी. आत हवा जाऊ द्यायची नाही, एवढीच अट. पहिल्या खेपेला झाकणाला फट राहिली. डबा उघडला तर नुसती राख! मी रडकुंडीला आले. युसूफभाईंनी राख बोटावर घेऊन चोळली, म्हणाले, "भांडे घासाले मस्त हाय." आणि त्याच दिवशी झाकण नव्याने बसवून दिलं.

दुसऱ्या खेपेला कोळसा जमला. त्याचे मायक्रोस्कोपखालचे फोटो आले, तेव्हा आमचे सर नाचायचेच बाकी होते. केसाहून हजारो पट बारीक छिद्रं, सगळीकडे! वीज या छिद्रांच्या भिंतींवर बसते. त्या भिंती उलगडून पसरल्या तर चमचाभर भुकटीतून कॉलेजचं मैदान निघेल, असं त्यांनी युसूफभाईंना समजावलं. युसूफभाई विचारात पडले. "मंग सर, सात-बारा कोणाच्या नावानं काढाचा?"

त्या वर्षी आमच्या बंजारा तांड्यावर माझ्या बाने उभा कापूस उपटला होता. कापसाचं नावही काढत नव्हता. त्याच वावरातल्या पऱ्हाटीचे मी बटणाएवढे दोन सेल बनवले आणि त्याला बोलावून घेतलं. येताना थोडी पऱ्हाटी आण, असंही सांगितलं. बा रिकाम्या हातांनी आला.

सरांनी सेल चार्ज केले, चार्जरच्या वायरी काढल्या आणि सेलला लाल दिवा जोडला. लागला! एक मिनिट झालं, दोन झाली, दिवा सुरूच. बा वाकून बघत राहिला. हे खरंच आपल्या वावरातलं का, असं त्याने मला आमच्या गोरबोलीत दोनदा विचारलं. मग सरांकडे वळला.

"अजून किती लागंल, साहेब?"

मूठभर आणली तरी पुष्कळ झाली, सर म्हणाले.

बाने खिडकीकडे बघितलं. "म्या तं ट्रॅक्टर भरून आणला. खाली उभा हाय."