हुबळीतले चार दिवस

फ्रान्सिस गेल्याचा फोन आधी मला आला. माझा नवरा प्रकाश काजूच्या बागेत होता आणि तिथे रेंज मिळत नाही, म्हणून फ्रान्सिसच्या बायकोने, रोझीने, मला शाळेत गाठलं. "गेलो गो तो, आत्ताच," एवढंच ती म्हणाली. स्टाफरूममधल्या खुर्चीवर बसताना मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. फ्रान्सिसची एक तरी गोष्ट प्रकाशच्या आधी मला कळली, असं आलं. दुःख त्याच्या मागून आलं.

दोघं शाळेपासूनचे मित्र. फ्रान्सिस मालवणात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, नवऱ्याचा मित्र म्हणजे सणावाराला येणारा पाहुणा. हा दर रविवारी यायचा. आत यायचा नाही, फाटकाशी उभा राहायचा आणि प्रकाश हातातलं काम टाकून बाहेर जायचा. मग तासभर गप्पा. मी खिडकीतून बघायचे. घरात दोन शब्दांत उत्तर देणारा माणूस हाच का, असा प्रश्न पडायचा. मला त्या फाटकाचासुद्धा राग यायचा.

अकरा वर्षांपूर्वी आमची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली. ऑपरेशन करावं लागलं. मी शुद्धीवर आले तोवर सगळं आटोपलं होतं. मी तिला पाहिलंही नाही. पुढचे कित्येक महिने मी रडत होते. प्रकाश रडला नाही. त्याने माझी औषधं आणली, सासूबाईंना सांभाळलं, कलमांना खत घातलं... या माणसाला काही लागलंच नाही, असं मी ठरवून टाकलं. पाच महिन्यांनी तो फ्रान्सिसबरोबर मोटारसायकलने कन्याकुमारीला निघाला, तेव्हा मी "जा" म्हटलं आणि आत निघून गेले.

पहिला मुक्काम होस्पेटला ठरला होता. ते हुबळीतच थांबले, आणि एक नाही, चार दिवस थांबले. गाडीची चेन तुटली, सुटा भाग मिळेना, असं प्रकाश फोनवर सांगायचा. परत आल्यावर हुबळी हे आमच्या घरातलं पुराणच झालं. लॉजच्या मालकाचं कानडी, रोजची मिरचीची भजी, तीन मेकॅनिकांनी दिलेले तीन वेगवेगळे सल्ले... कोणी पाहुणा आला की दोघं एकमेकांच्या तोंडातलं वाक्य काढून घेत सांगायचे आणि हसायचे. कन्याकुमारीचा एक फोटो आहे. त्याबद्दल कधी कोणी बोललं नाही. होडीच्या इंजिनाचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस साध्या चेनीसाठी चार दिवस अडकतो कसा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्या चार दिवसांवर जळण्यातच गुंतले होते. प्रकाशने माझ्याबरोबर असे सलग चार दिवस कुठे काढले होते?

फ्रान्सिस जाण्याच्या पंधरा दिवस आधी मी त्याला भेटायला एकटीच गेले. बागेत फवारणी चालू होती, प्रकाशला निघता येईना. फ्रान्सिस उशीला टेकून बसला होता, पाय सुजलेले. मी नेलेली पेज त्याने दोन घोट घेतली. रोझी औषध आणायला बाहेर पडली तसा तो म्हणाला, "वयनी, हुबळीक गाडी बिघडूक नाय होती."

ही पण एक गंमतच असेल म्हणून मी हसले. तो हसला नाही.

"रस्त्यार पाळण्यांचा दुकान होता. लाकडाचे, रंगवलेले पाळणे. परकाशान भर रस्त्यात गाडी बंद केल्यान नि थंयच बसलो. चार दिस तो लॉजात रडत होतो. तेना तुमच्या चेडवाचा नाव ठेवल्यान होता, ताच घेयत रडायचो."

"खयचा नाव?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुका म्हायत नाय? माका वाटला, तुका सांगल्यान आसतला..." मग त्याने हळूच ते नाव सांगितलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. ज्या रडण्याची मी पाच महिने वाट बघितली, ते परक्या गावात, दुसऱ्या माणसासमोर वाहून गेलं होतं. माझ्या मुलीचं नाव माझ्याआधी अकरा वर्षं फ्रान्सिसला ठाऊक होतं. मित्राची लाज राखायला त्याने चेनीची गोष्ट इतकी वर्षं रंगवली, हे कळत होतं. तो भला होता, हेही कळत होतं. तरी जळणं थांबेना. दफनाच्या वेळी मूठभर माती टाकताना मनात आलं, आता ते नाव जाणणारी आम्ही दोघंच. फ्रान्सिस, मला माफ कर.

गेल्या आठवड्यात रोझीने आम्हाला त्याच्या शेडमधली हत्यारं घेऊन जायला बोलावलं. पाने आकाराप्रमाणे खिळ्यांना टांगलेले, डिझेलचा वास तसाच. फ्रान्सिसचं ठेंगणं स्टूल आणि समोर एक उपडा क्रेट. प्रकाश सवयीने क्रेटवर बसला. जरा वेळाने एक पाना हातात घेऊन म्हणाला, "हुबळीक चेन तुटली, तेव्हा ह्योच..."

मी ते नाव उच्चारलं.

त्याने पाना मांडीवर ठेवला. "फ्रान्सिसान सांगल्यान?"

"होय."

"तू आधीच खचलेली. तुज्याफुडे रडाची भीती वाटली गो."

मग तो बोलायला लागला. हॉस्पिटलात त्याने तिला हातात घेतलं होतं. केस दाट होते, कपाळ माझं होतं, डाव्या हाताची मूठ मिटलेली होती. मी कधीच न पाहिलेली माझी मुलगी मला पहिल्यांदा भेटत होती. मी स्टुलावर बसले नाही, दाराला टेकून ऐकत राहिले. पाऊण तास तो बोलला, काही म्हणून राखून ठेवलं नाही... फक्त सगळा वेळ बोलला तो त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून.