निळीच आण

अख्ख्या ऑफिसला घड्याळाच्या डायलचा रंग सुचवणाऱ्या मेश्रामकाकांच्या स्वतःच्या मनगटावर डायल नव्हतीच. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यावर आकडे लुकलुकणारं, औषधांच्या दुकानात गल्ल्यापाशी टांगलेलं असतं तसलं घड्याळ ते घालायचे. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "मी पंच आहे भाऊ. पंचानं खेळू नये."

मेश्राम नागपूरचे. आमच्याहून थोडे मोठे, कानाशी पिकलेले, म्हणून आम्ही त्यांना काका करून टाकलं होतं. जर्सी सिटीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो आणि मॅनहॅटनमधल्या एकाच ऑफिसात, नदीखालच्या बोगद्यातून धावणाऱ्या पाथच्या गाडीनं जायचो. ती वर्षं नुसती आठवली तरी मला दमायला होतं. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं आणि मधल्या वेळात व्हिसाची काळजी करायची. सोफा घ्यायचा तर 'ग्रीन कार्ड आल्यावर बघू', मूल हवं तरी तेच. गाडीत सगळे उभ्याउभ्या पेंगत असायचे. काका तेवढे जागे, दांडीला धरलेली मनगटं न्याहाळत.

"काळी डायल म्हणजे इंटरव्ह्यूला आलेला माणूस," ते हळूच सांगायचे. "कुठंही चालते, म्हणून कोणाचीच नसते. अन् चंदेरी? ती घेताना बायको घाई करून राहिली असेल." आमच्या मोठ्या साहेबाच्या हातात हिरवी होती. "हिरवी घालायला आधी ते कार्ड हातात लागते," काका म्हणाले आणि स्वतःच कसंनुसं हसले. जीव मात्र निळीवर. "निळी पाहा ताई. उन्हात एक, ट्यूबलाइटखाली दुसरी. गाडी नदीखाली शिरली का पार काळी. पण काळी दिसली म्हणून ती काळी होत नाही."

रंगाच्या बाबतीत हा माणूस कुणाची भीडभाड ठेवायचा नाही. लग्नाच्या वाढदिवसाला माझ्या नवऱ्यानं मला फिकट सोनेरी डायलचं महागडं घड्याळ दिलं. मी मोठ्या हौसेनं हात पुढे केला. काकांनी पाहिलं, मान हलवली. "ही घडी तुमची नाही ताई. घेणाऱ्याची आहे." मला असा संताप आला! मी पुढचे काही दिवस दुसऱ्या डब्यात चढत होते. राग ओसरल्यावर विचारलं, "चांगलं म्हणायला तुमचं काय जात होतं?"

"बाकी कशाबद्दल म्हणा, खोटं बोलतो मी. रंगाबद्दल नाही जमत."

नवऱ्यानं पुढे कबूल केलं, की ते घड्याळ त्यालाच आवडलं होतं. हल्ली तोच घालतो.

या वेडाचं मूळ मला एकदा गाडी बोगद्यात अडकली तेव्हा कळलं. काकांचे वडील गिरणीत कामाला होते. सुपरवायझरच्या हातात निळ्या डायलचं परदेशी घड्याळ आलं. वडिलांनी नुसतं 'पाहू' म्हटलं, तर त्यानं बाही खाली ओढून घेतली. "बाबा घरी येऊन माझ्या आईला म्हणाले, निळी तर आपली. आपल्या झेंड्याची. एक दिवस घालीन." काका अमेरिकेला निघाले तेव्हा म्हाताऱ्यानं एवढंच सांगितलं होतं : निळीच आण. ती बाबांच्या मनगटावर बांधल्याशिवाय आपण डायलचं घड्याळ घालायचं नाही, असं काकांनी ठरवून टाकलं होतं.

घड्याळ घ्यायचा दिवस उजाडला तेव्हा त्यांनी मलाही फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानात नेलं. विक्रेत्यानं मखमलीवर निळ्या डायल मांडल्या. काका कितीतरी वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, पांढरी दाखवा, जाड काळ्या काट्यांची.

मी चाटच पडले.

"बाबांना काचबिंदू आहे ताई," ते मराठीत पुटपुटले. "निळ्यावर काटे दिसणार नाहीत. घडी नुसती मिरवायची नसते, त्यांना वेळ दिसला पाहिजे."

त्या रात्री फोनवर वडिलांनी विचारलंच, निळीच ना? काकांनी नुसतं "आल्यावर पाहा" म्हटलं.

पण जाणार कधी? त्यांच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. भारतात गेलं तर नवा मिळाल्याशिवाय परत येता येणार नव्हतं, आणि तो अडकला की इथली नोकरी संपली. म्हणून 'पुढच्या दसऱ्याला नक्की' म्हणत दसरे गेले. नागपूरला निघालेले लोक घड्याळ न्यायला तयार असायचे. काका म्हणायचे, "नाही, मी बांधीन." रोज सकाळी ते त्या घड्याळाला चावी द्यायचे. "बाबा, इट्स जस्ट अ वॉच," त्यांची मुलगी म्हणायची. तिचं चुकतंय असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

शेवटी नागपूरहून भावाचा फोन आला, की बाबा आता भिंत धरून चालतात. काकांनी तिकीट काढलं. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ शर्टाच्या खिशात ठेवून ते निघाले. "तीन आठवड्यांत आलोच," म्हणाले. शिक्का अडकला तो अडकलाच. नोकरी गेली, मुलीचं शाळेचं वर्ष संपल्यावर काकू आणि तीही घर आवरून गेल्या. सकाळच्या गाडीत माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाही, आणि मीही इतरांसारखी पेंगायला लागले.

बऱ्याच दिवसांनी फोन लागला. इकडचंतिकडचं झाल्यावर मी विचारलं, "बाबांना दिसली का घडी?"

"नाही ताई. उशीर झाला. नजर पार गेली होती त्यांची. मी बांधली. त्यांनी बोटांनी काच चाचपली, चेहऱ्याजवळ नेली. म्हणाले, निळीच ना रे?"

"मग?"

"म्हटलं, हो बाबा. निळीच."

काका पुढे सांगत राहिले. आता संध्याकाळी म्हातारा ओट्यावर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे मनगट धरतो, पोरानं निळी आणली म्हणून. वस्तीतलं कुणी अजून एका शब्दानं बोललेलं नाही.

"अन् काल पोरीला विचारलं त्यांनी, कशी निळी आहे सांग गं. मला वाटलं, आता संपलं. ती त्यांच्याजवळ बसली, नीट पाहिलं अन् म्हणाली, डार्क ब्लू, आजोबा. आपल्या झेंड्यासारखी."