फ्लॉरेन्सचा बस्ता

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मला ओरडता आलं नाही.

फ्लॉरेन्स शहरातल्या रेशमाच्या दुकानात नूराला आरशासमोर उभी करून मी तिच्या कमरेभोवती कापड टाचून बघत होते. आमच्या धंद्यात याला ड्रेप करणं म्हणतात. कापायच्या आधी कापड अंगावर कसं पडतं ते बघायचं. मोत्याच्या रंगाचं, वेलबुट्टीचं रेशीम होतं. एक टोक नूराच्या कमरेवर, आणि बाकीचा तागा म्हातारा दुकानदार काउंटरवर उलगडत चालला होता. मध्येच तो थांबला, कात्री उचलली आणि नूराच्या आईकडे बघून म्हणाला, "सिन्योरा, बास्ता?"

नूराच्या आईचा, उम्म सालेमचा, चेहरा उजळला.

"हलीमा, ऐकलंस? यालाही माहीत आहे!" आणि काउंटरवर थाप मारून ती ओरडली, "हो, हो! बस्ता! बस्ता!"

म्हाताऱ्याने कात्री चालवली. रेशीम कापताना जो बारीक आवाज येतो तो आला, आणि मी टाचण्या तोंडातून काढेपर्यंत कापडाचे दोन तुकडे झाले होते.

आता हे असं का झालं ते सांगते.

साठ-बासष्टच्या सुमाराला मी कुवेतला घरी शिवणकाम करायचे. नवरा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत होता, गुरुवारी घरी यायचा. मी रत्नागिरीकडची, शाळा चौथीपर्यंत, शिवण आईकडून शिकले. उम्म सालेमच्या घरचे पडदे, मुलांचे फ्रॉक, बायकांचे घरात घालायचे झगे माझ्याकडे यायचे. तिचं लहानपण मुंबईत गेलं होतं, वडिलांची तिथे पेढी होती. त्यामुळे आमचं बोलणं मुंबईच्या हिंदीत चालायचं. म्हणजे ती बोलायची, मी मान हलवायची. मी फार लाजरी. माप घ्यायचं असलं तरी "हात वर करा" म्हणायला मला घसा खाकरावा लागायचा.

तिच्या मुलीचं, नूराचं, लग्न ठरलं. घरातल्या सगळ्यांनी सांगितलं की ड्रेस लेबनानी मॅडमकडे द्या. ही मॅडम बैरूतहून आलेली, तिचं बाजारात मोठं दुकान होतं. पण नूरा म्हणाली, "हलीमाच शिवेल. मला तिचंच फिटिंग बसतं." माझा पहिला नवरीचा ड्रेस. त्या दिवशी आनंदाने मला जेवण गेलं नाही.

उम्म सालेमची एकच अट होती. मागे जमिनीवर लोळणारा लांब घोळ, ज्याला ट्रेन म्हणतात, तो कमरेपासून टोकापर्यंत एकाच कापडाचा हवा. मध्ये जोड नको. कारण असं की, आदल्या वर्षी तिच्या नणंदेच्या मुलीच्या ड्रेसला ट्रेनवर जोड आला होता, आणि भर लग्नात बायकांच्या बैठकीत उम्म सालेमने तो बोटाने दाखवला होता. "वन्सं, कापड संपलं होतं का?" असं मोठ्याने विचारलंही होतं. आता नणंद नूराच्या लग्नाची वाट बघत बसली होती.

नूराचे वडील अबू सालेम कामासाठी रोमला जाणार होते. मायलेकी म्हणाल्या, आम्ही पण येतो, दोन दिवस फ्लॉरेन्स बघू, तिथलं रेशीम आणू. आणि शिवणारीला बरोबर घेऊ.

मी घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. "इटलीला? तू? अगो, मी अजून इथला खैरानचा किनारा नाय बघितला!"

"मग नको जाऊ?"

"जा गो, जा. निदान विमानात कोणाशी तरी बोल."

विमानतळावर जाताना गाडीत उम्म सालेमने विचारलं, "तुमच्याकडे लग्नाच्या कापडखरेदीला काय म्हणतात?" मी म्हणाले, बस्ता. बस्ता काढायला सगळं घर जातं, दिवसभर दुकानात बसतं, चहा पितं, भांडतं. तिला तो शब्द इतका आवडला की विमान उडालं तरी तिच्या तोंडून जाईना. हवाई सुंदरीला म्हणाली, बस्ता. पासपोर्ट बघणाऱ्याला म्हणाली, बस्ता. तो हसला, तशी तिला वाटलं त्याने मुबारक म्हटलं.

म्हणून दुकानदाराच्या तोंडून तोच शब्द ऐकला तेव्हा तिला वाटलं, हा विचारतोय, लग्नाची खरेदी का?

बास्ता म्हणजे काय ते आम्हाला हॉटेलात कळलं. नूराला शाळेतलं इंग्रजी येत होतं. तिने काउंटरवरच्या माणसाला विचारलं आणि परत आली ती पोट धरून. हसता हसता जिन्यावरच बसली.

"यम्मा, बास्ता म्हणजे बस! तो विचारत होता, पुरे का? तू म्हणालीस, पुरे, पुरे!"

अरबीत बस, हिंदीत बस, आमच्या मराठीत बास. आम्हा तिघींपैकी एकीला तरी कळायला हवं होतं. मलाही हसू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला.

उम्म सालेम हसली नाही. "हलीमा. आता पुरेल का?"

दुकानदाराकडे त्या तऱ्हेचा तेवढा एकच तागा होता. उरलेला तुकडाही आम्ही बांधून आणला होता. कापड मिळून भरपूर होतं. पण एक तुकडा जमिनीवर थोडा येऊन संपत होता, आणि दुसराही एकटा कमरेपासून टोकापर्यंत पुरत नव्हता. आडवं वापरावं तर कापडाचा उभा धागा आडवा होतो आणि झळाळी बदलते, वेलीही झोपल्यासारख्या दिसतात.

"जोड द्यावा लागेल, अम्मा." तिच्या घरात कामाच्या बायका तिला अम्मा म्हणायच्या, मीही.

"जोड दिलास तर मी लग्नाला येणार नाही."

अबू सालेम लॉबीत कॉफी पीत होते. म्हणाले, "कापड आहे ना? मग शिवा."

"तुम्ही गप्प बसा," उम्म सालेम म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळू बोलली. "कुवेतला गेलो की दोन्ही तुकडे लेबनानी मॅडमला दाखवू. ती काहीतरी करेल."

माझं हसू तिथेच विरलं.

दुसरा दिवस रविवार. दुकानं बंद. आमची कुवेतची सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारी सगळं गाव दाराला कुलूप लावून रस्त्यावर फिरतंय हे बघायला मजा वाटली. नूराने आईला ओढत बाहेर काढलं. नदीवर एक पूल आहे, त्याच्यावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं. पुलावर दुकानं, आणि तीही सोनाराची! बंद असूनही उम्म सालेमने एकेका दाराच्या फटीतून आत बघितलं. मग मोठ्या चौकात गेलो. तिथे दगडाचा एक उंच माणूस उभा होता, अंगावर सूतभरही कापड नाही. उम्म सालेमने डोळ्यांवर रुमाल धरला. रुमाल जाळीचा होता.

"यम्मा, चल ना," नूरा म्हणाली.

"थांब, ऊन लागतंय डोळ्यांना."

मी खाली मान घालून उभी राहिले, तरी खांद्याचं माप नजरेने घेतलंच. सवय. कोट शिवायचा तर कापड दुप्पट लागलं असतं.

नूरा मला म्हणाली, "हलीमा, याला पण कपडे तूच शिव," आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की एक पाद्री वळून बघायला लागला. मग आईस्क्रीम घेतलं. ते वितळून माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि मी रस्त्यात उभी राहून ते चाटलं. रत्नागिरीतही मी असं कधी केलं नव्हतं. पोटात ड्रेसची काळजी होती, पण पाय जमिनीवर ठरत नव्हते.

असे फिरत फिरत त्यांच्या मोठ्या देवळापाशी, कॅथेड्रलपाशी आलो. उम्म सालेम पायरीवर बसली. मी भिंतीजवळ गेले.

सगळी भिंत पांढऱ्या दगडाची, आणि त्यात हिरव्या दगडाच्या पट्ट्या. कुठे गुलाबी. पांढरा चौकोन, त्याला हिरवी किनार, पुन्हा पांढरा. मी पट्टीवरून बोट फिरवलं. प्रत्येक पट्टीच्या कडेला जोड. एवढी मोठी इमारत, आकाशापर्यंत, आणि सगळी तुकड्यातुकड्यांची. एकही जोड लपवलेला नव्हता. जोडांनाच नक्षी केली होती.

मी पायरीपाशी परत आले. घसा खाकरला.

"अम्मा, ती भिंत बघा."

"बघितली. मोठी आहे."

"जोड बघा."

"कसला जोड?"

"सगळे जोडच आहेत. हिरवी पट्टी जोडावर आहे. आपल्या जोडावर जरीची पट्टी लावली तर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू तो दगडाचा माणूस बोलायला लागला होता. मी तिच्याशी आपणहून इतकं बोलायची ती पहिलीच वेळ.

"हलीमा, हा दगड आहे. माझी मुलगी भिंत आहे का?"

"नाही, अम्मा."

"एक पट्टी लावलीस तर आंधळी पण सांगेल, खाली जोड आहे. माझी नणंद आंधळी नाही."

"एक लावली तर कळेल," मी म्हणाले. "पाच लावू. गुडघ्यापासून खाली ट्रेनच्या टोकापर्यंत, सारख्या अंतरावर. चार पट्ट्यांखाली काहीच नाही. एकीखाली जोड. कुठल्या ते शोधू दे त्यांना."

नूरा टुणकन उठली. "यम्मा, मला हेच पाहिजे! बघ ना, किती छान दिसतंय! मला ही भिंतच पाहिजे!"

"हिरवी नको," उम्म सालेम म्हणाली.

"सोनेरी," मी म्हणाले.

तिने भिंतीकडे बराच वेळ बघितलं. मग उठली, जवळ जाऊन तिनेही पट्टीवरून बोट फिरवलं, नखाने जोड खरवडून बघितला. तिथल्या पहारेकऱ्याने तिला हाताने लांब केलं.

"बरं," ती म्हणाली. "पण बिघडलं तर लेबनानी मॅडम."

कुवेतला परत आल्यावर मी जोड आधी जुन्या पडद्याच्या कापडावर करून बघितला. रेशमात जोड देताना दोन्हीकडच्या वेली एकमेकींवर बसवाव्या लागतात, नाहीतर फांदी एकीकडे आणि पान दुसरीकडे. मग बारीक शिवण, मग कोमट इस्त्री, मग वरून जरी हाताने टाचायची. जरी तिथल्याच बाजारातली. अरबीत पण तिला जरीच म्हणतात, त्या शब्दाने काही घोटाळा केला नाही. ट्रायलला नूरा वळली, तेव्हा पट्ट्या पाण्यावरच्या लाटांसारख्या एकामागून एक हलल्या. उम्म सालेम खुर्चीवर चढून वरून बघत होती. लेबनानी मॅडमचं नाव पुन्हा निघालं नाही.

लग्नात मी बायकांच्या बैठकीत एका खांबाआड उभी होते. नूरा आली. बायकांनी जिभा हलवून तो लग्नातला लांब आवाज काढला. मग नणंद उठली. ट्रेनपाशी येऊन चक्क खाली बसली. पहिली पट्टी चाचपली, दुसरी, तिसरी. तिसऱ्या पट्टीखालीच जोड होता. तिने बोट फिरवलं, थोडी थांबली, आणि चौथीवर गेली.

पाचवी झाल्यावर मान वर करून तिने विचारलं, "हे काय आहे?"

उम्म सालेम शांतपणे म्हणाली, "फ्लॉरेन्स."

नणंद उठली. झगा झटकला. आणि खांबाकडे येऊन मला हळूच म्हणाली, "माझ्या धाकटीचं पुढच्या वर्षी आहे. तिला सात पट्ट्या."

त्या हिवाळ्यात माझ्याकडे ऑर्डरींची रांग लागली. बायका अखंड, सुंदर रेशीम आणायच्या आणि म्हणायच्या, याला फ्लॉरेन्स कर. जोडाची गरज नाही, नुसती पट्टी वरून लावू, असं मी सांगितलं तर त्यांना वाटायचं मी काम टाळते. एकीने तर हट्टच धरला की जोड खरा पाहिजे. मी तिचं चांगलं कापड मधोमध कापलं आणि परत जोडून दिलं. ती खूश झाली.

शिवणकामात एवढं शिकले. एका ठिकाणी झाली तर ती चूक असते. पाच ठिकाणी झाली की फॅशन. फक्त अंतरं टेपने मोजून सारखी ठेवावी लागतात.