आईची लाईट

उसाच्या ओल्या चिपाडाचा आंबूस वास आला की साखर कारखान्यातला माझा पहिला हंगाम आठवतो. मोळीपूजनाला आई आली होती, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेली. पूजेचा नारळ हातात धरूनच ती टर्बाईनपाशी आली. "चिपाड जाळून पाण्याची वाफ करतात, वाफ हे चाक फिरवते, मग थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं," मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. "म्हंजे पाणी वाया जात न्हाय? लई झ्याक!" त्या दिवशी साहेबांनी टर्बाईनची वीज बाहेर गावोगाव जाणाऱ्या लाईनला जोडायचं काम पहिल्यांदाच मला दिलं होतं. चुकलं असतं तर सगळ्यांसमोर कारखाना बंद पडला असता. दोन्हीकडच्या विजेचा मेळ दाखवणारा काटा बारावर सरकला, मी स्विच फिरवला आणि पायाखालची थरथर एका लयीत आली. आई माझ्या तेलकट हाताकडं बघत राहिली. जाताना गेटवर तिनं सांगून टाकलं, "आता गावची लाईट आमची पोरगी करत्या." ते तिनं तेव्हापासून खरं धरलंय. आजही निपाणीत वीज गेली की तिचा फोन येतो, "काय गं, तुझ्या टर्बाईनला काय झालं?" मी "बघते गं आई" म्हणते. थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजतो, "आली बघ! शेजारणीला म्हटलंच हुतं, पोरीला सांगितलंय म्हणून."